गुळचट

लग्नपत्रिकेत 'आग्रहाचे निमंत्रण' हे शब्द दिसले की मास्तर प्रुफावरून मान वर करत. मुलीचा बाप समोरच उभा असला तर त्याला विचारत, "आग्रह केव्हा केलात?"

तो बिचारा गोंधळून जाई. "पत्रिका हातात ठेवताना करणार की."

"मग पत्रिकेत नुसतं 'निमंत्रण' छापू. आग्रह तुम्ही तोंडानं करा."

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात आमचा छापखाना होता. जर्मनीशी झालेली पहिली लढाई संपून बारा-पंधरा वर्षं झाली असतील. कुणी म्युनिसिपालिटीत निवडून आला, कुणा अंमलदाराची बदली झाली, कुणाला सरकारनं पदवी दिली की चार माणसं मानपत्राचा मसुदा घेऊन आमच्या पायऱ्या चढत. छापखान्याचा संसार या मानपत्रांवर आणि लग्नपत्रिकांवर चाले, म्हणजे गोड शब्दांवर चाले. आणि ते तपासायला मालकांनी नेमका असा माणूस बसवला होता, की गोड शब्द दिसला की त्याला त्यात मेलेली माशी सापडे.

मी त्यांच्या हाताखाली होतो. मॅट्रिकला दोनदा आपटल्यावर आणि लग्न झाल्यावर मिळालेली माझी ही पहिली नोकरी. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, मास्तरांनी प्रूफ बघायचं. अशी चार वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना काढली. उंच, वाळलेला माणूस. सोलापूरच्या वैशाखातसुद्धा कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कानावर लाल पेन्सिल. हसताना मी त्यांना पाहिलं ते फक्त दुसऱ्याची चूक सापडल्यावर.

मास्तर पूर्वी खरोखरच शाळेत मास्तर होते. ती नोकरी एका शब्दापायी गेली. शाळा सोडणाऱ्या मुलाच्या दाखल्यावर 'वर्तणूक' पुढे सगळे 'चांगली' लिहीत. एका मुलाच्या दाखल्यावर यांनी 'गोड' लिहिलं. हेडमास्तरांना वाटलं, मुलगा शाळेच्या चिटणिसांचा भाचा आहे, म्हणून मास्तरांना एकदाची अक्कल आली. त्यांनी कौतुक केलं. तिथं गप्प बसावं की नाही? मास्तरांनी खुलासा केला. "गोड म्हणजे कामापुरता गोड. काम झालं की ओळख दाखवत नाही. मामावर गेलाय." ही गोष्ट मास्तर स्वतःच सांगत, आणि दर वेळी हेडमास्तरांचा चेहरा थोडा थोडा अधिक पडे.

त्यांच्या टेबलाच्या खणात कागदाचे कपटे असत. एकेका कपट्यावर एकेक शब्द. दुपारी चहा आला की ते खण ओढत आणि माझ्यावर ज्ञानाचा वर्षाव सुरू होई.

"चिकट, चिवट आणि लोचट यांत फरक काय?"

मी म्हणे, "सारखेच की."

"म्हणून तुम्ही मॅट्रिक नापास. चिकट माणूस पैसा सोडत नाही. चिवट माणूस काम सोडत नाही. लोचट माणूस तुम्हाला सोडत नाही."

'गुळगुळीत' या शब्दाचा गुळाशी काडीइतकाही संबंध नाही, हे सिद्ध करण्यात त्यांनी एक अख्खा पावसाळा घालवला. "गुळगुळीत गोट्याला कधी मुंगळा लागलेला पाहिलात?" पाकाला तार असते तशी शब्दालाही असते, असं ते म्हणत. 'लाघवी' एकतारी, त्यानं काही बिघडत नाही. 'मधाळ' दोनतारी, जपून वापरावा. त्यापुढं गेलं की गोळी झालीच. मग तो शब्द दाताला चिकटतो आणि दात घेऊनच बाहेर येतो. ही विद्या सोलापुरात त्यांना आणि मला अशा दोघांनाच होती, आणि मला ती नको होती.

एकदा तर त्यांनी हे प्रत्यक्षात तपासलं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, संक्रांतीच्या तिळगुळासाठी पाक करत होत्या. एकतारीची दोनतारी नेमकी केव्हा होते हे डोळ्यांनी पाहायचं म्हणून मास्तर चुलीपाशी बसले आणि उकळत्या पाकात बोट घातलं. मी तेव्हा प्रुफं पोचवायला गेलो होतो. मास्तर बोट तोंडात धरून उभे होते आणि काकू शांतपणे पाक ढवळत होत्या.

"भाजलं ना?" काकू म्हणाल्या. "आता त्याला काय म्हणतात ते लिहून ठेवा."

मग मला वडी देत म्हणाल्या, "घ्या. तीस वर्षं या घरात रांधतेय, पण 'बरं झालंय' एवढं कधी ऐकलं नाही हो."

"वाईट झालंय असं म्हणालो का कधी?" मास्तर बोट काढून म्हणाले.

संक्रांतीला पेठेतली माणसं 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणत त्यांच्या पाया पडत. मास्तर तिळगूळ घेत आणि म्हणत, "तिळगूळ पोचला. पुढचं वचन मी देत नाही."

या सगळ्याचा त्यांना विलक्षण अभिमान होता. "मला आजवर कुणी गोड बोलून जिंकलं नाही," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. ते खरंच होतं. पण कुणी तसा प्रयत्नही केला नव्हता, हे मी मनातल्या मनात म्हणे.

त्या वर्षी गुळाच्या एका मोठ्या आडत्याला सरकारनं रावसाहेब केलं. करकंबकडचा माणूस. गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालत मोठा झालेला आणि आता सोलापुरात आडतीच्या गादीवर बसलेला. जेमतेम सही करी, पण बोलायला लागला की समोरचा पाघळलाच. त्याच्या सत्कारासाठी मंडळी जमली आणि रेशमी कापडावर मानपत्र छापायचं ठरलं. मजकूर एका वकिलांनी लिहिला होता. त्यांचं अक्षर वळणदार आणि भाषा त्याहून वळणदार. मी वाचत होतो आणि मास्तर दातओठ खात होते. 'दीनांचे कैवारी' तसंच पुढं गेलं, 'औदार्याचे सागर'ही गेलं. मग आलं, 'आपल्या मधाळ वाणीने आपण सर्वांची अंतःकरणे जिंकिली आहेत.'

मास्तर थांबले. कानावरची पेन्सिल काढली, 'मधाळ'वर काट मारली आणि समासात लिहिलं, 'गुळचट'.

"अहो मास्तर," मी म्हणालो.

"या गृहस्थांना मी आडतीवर दोनदा ऐकलंय. मधाळ नाही. मधाला गुण असतो. हे गुळचट."

आता इथं माझा दोष सांगितला पाहिजे. ते प्रूफ आत नेऊन द्यायचं काम माझं होतं. वाटेत ती काट खोडून टाकणं माझ्या हातात होतं. पण मला हसू येत होतं आणि वकिलांचा रागही होता. त्यांनी मला एकदा 'ए वाचणाऱ्या' म्हणून हाक मारली होती. मी प्रूफ तसंच अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या नरसय्याच्या हातात दिलं. नरसय्या पद्मसाळी, घरी तेलुगू बोलणारा. मराठी अक्षरं त्याच्या बोटांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक होती, पण अर्थाच्या भानगडीत तो पडत नसे. लाल पेन्सिलीनं लिहिलं ते त्यानं जुळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच कापड हवं होतं, त्यामुळे दुसरं प्रूफ निघालंच नाही.

समारंभाला मी गेलो होतो. वकिलांनी आवाज लावला होता. "आपल्या गुळ..." इथं ते अडखळले. कापड डोळ्यांजवळ नेलं. थांबावं तर हजार माणसं समोर. शेवटी ते घाईघाईनं म्हणाले, "...गुळचट वाणीने आपण सर्वांची अंतःकरणे जिंकिली आहेत." मागं कुणीतरी खोकलं. मग पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या, कारण वाक्य संपलं की टाळ्या वाजवायच्या एवढंच त्यांना माहीत होतं. रावसाहेबांचा चेहरा होता तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला छापखान्यापुढं टांगा थांबला. रावसाहेब एकटेच उतरले. मालक धावत पुढं गेले, खुर्ची पुसू लागले. रावसाहेब कागदाच्या गठ्ठ्यावरच बसले.

"प्रुफं कोण तपासतंय?"

मास्तर उभे राहिले.

"गुळचट तुमी लिवलं?"

"मी लिहिलं."

"चुकून लिवलं का?"

रावसाहेबांच्या पाठीमागं मालक उभे होते. ते हात जोडून मास्तरांकडं बघत 'हो म्हणा, हो म्हणा' अशी मान हलवत होते. मीसुद्धा टेबलाखालून मास्तरांच्या पायाला पाय लावला. घरी काकू होत्या, एक लग्नाची मुलगी होती आणि दुसरी नोकरी त्यांना कुणी दिली नसती.

"नाही," मास्तर म्हणाले. "जाणून लिहिलं."

"मंग त्याचा अर्थ सांगा की मला."

मास्तरांनी खण ओढला. कपटा काढला आणि वर्गात वाचावा तसा वाचला. "गुळचट. किंचित गोड. गूळ नसून गुळाचा भास देणारे. लक्षणेने, वरवर गोड."

रावसाहेबांनी मान हलवली. "तुमचं थोडं चुकतंय. ऊस तोडल्यावर वरचं वाडं ऱ्हातंय बगा, जनावराला घालत्यात ते. त्याचा बुडका चावला की जी चव लागती ती गुळचट. त्यात रस नसतोय. गुऱ्हाळावर भूक लागली की आमी पोरं तेच चावायचो."

मास्तरांनी पेन्सिल काढली आणि ते कपट्यावर लिहून घेतलं. मालकांनी डोळे मिटले.

"तर मी तसा बोलतो म्हणा की."

"आडतीवर ऐकलंय मी. शेतकऱ्याला 'माझ्या वाघा' म्हणता आणि त्याच्या ढेपेत बोट घालून 'गूळ काळा हाय' म्हणता."

"गूळ काळा असला तरी मानूस वाघ असतोय की मास्तर," रावसाहेब म्हणाले. आत यंत्राचा खडखडाट चालला होता. "लोकांनी लई मानपत्रं दिली मला. समदी वाचून घेतली. कुटं सागर, कुटं कल्पवृक्ष. त्यात म्या कुटंच न्हवतो. या एका शब्दात म्या हाय. आपल्याला ह्यो मानूस पायजे. रोज धा-पंधरा कागदं येत्यात, समद्यांच्या तोंडाला मध. कोण खरं, कोण लबाड, हे सांगाय मानूस पायजे. येता का माझ्याकडं?"

मालकांनी डोळे उघडले आणि मास्तरांच्या वतीनं 'येतात' म्हणून सांगितलं. मास्तरही गेले. कोट झटकून, कपटे एका पुडक्यात बांधून निघाले. जाताना मला म्हणाले, "मला गोड बोलायला बोलावलेलं नाही, खरं बोलायला बोलावलंय. लक्षात ठेवा." आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या खरेपणाला चांगलं म्हटलं होतं आणि ते पंधरा मिनिटांत गेले होते. त्यांची खुर्ची मला मिळाली, म्हणून मी जास्त काही बोललो नाही.

सुरुवातीचे महिने त्यांनी आडत गाजवली असं ऐकलं. रावसाहेब लोडाला टेकून बसत, मास्तर बाजूला चटईवर. आलेलं पत्र मास्तर वाचत आणि शेवटी शेरा देत. "हा लघळ आहे, पायरीवर उभा करू नका." "हा लोचट, परत येईल." "या दोघांचं गुळपीठ दिसतंय, दोघांनी एकच वाक्य लिहिलंय." रावसाहेब खूश. गोडबोले घाबरले. काहींनी मास्तरांच्याच घरी गूळखोबरं घेऊन खेटे घालायला सुरुवात केली, पण काकूंनी दाराला कडी लावली.

मग एकदा मी हस्तपत्रकाचं प्रूफ घेऊन आडतीवर गेलो. मास्तर चटईवरून गादीच्या कडेवर आले होते. कोट नवा होता आणि त्याची वरची दोन बटणं सुटी होती. ते कुठलंसं पत्र वाचून बाजूला टाकत म्हणाले, "काय माणसं असतात. रावसाहेबांना स्तुती खपत नाही, एवढं यांना कळत कसं नाही?"

रावसाहेबांनी नुसतं "हं" केलं. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. ज्या माणसाचा चेहरा 'गुळचट'ला हलला नव्हता, तो लोण्यासारखा सैल झाला.

मास्तर पुढं म्हणाले, "दुसरा कुणी असता तर या सागरा-कल्पवृक्षांत बुडून गेला असता. आपण ओळखता. हे फार थोड्यांना जमतं."

मी प्रूफ तिथंच ठेवून आलो. वाटेत मास्तरांच्या जुन्या कपट्यांतला कोणता शब्द याला लागू पडेल याचा विचार केला. सापडला नाही. तो कपटा त्यांनी लिहिलाच नव्हता.

काकू एकदा भाजी घेताना भेटल्या. म्हणाल्या, "आता घरीही गोड बोलतात. आमटी छान झाली म्हणाले काल. मला झोपच लागली नाही. म्हटलं, यांना काही होतंय का?"

वर्षभरानं म्युनिसिपालिटीची निवडणूक आली. रावसाहेबांना उभं राहायची हौस होती आणि भीतीही होती. त्यांनी सगळ्यांना विचारलं. सगळे उभे राहा म्हणाले, पण त्या सगळ्यांच्या तोंडाला मध होता. तेव्हा त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तरांनी काय सांगितलं ते मला नंतर कळलं. रावसाहेब उभे राहिले आणि असे पडले, की त्यांच्या स्वतःच्या आडतीवरचे हमालसुद्धा दोन दिवस त्यांच्या नजरेला नजर देईनात.

उरलेली हस्तपत्रकं परत द्यायला मी गेलो, तेव्हा गादीवर ते दोघंच होते. मला पाहून रावसाहेब थांबले नाहीत. आवाज चढला नव्हता.

"उभं ऱ्हाऊ का म्हणून म्या इचारलं. तुमी काय बोलला मास्तर?"

"मी म्हणालो, लोकांना खरा माणूस ओळखू येतो."

"खरा मानूस म्हंजी कोण?"

"आपण."

"आन् आडतीवर दोनदा ऐकलं हुतं, ते इसरला व्हय?"

मास्तरांची बोटं कोटाच्या सुट्या बटणावर फिरत होती.

"ग्वाड बोलणारी मानसं मला फुकट मिळत्यात. दारात रांग हाय. तुमाला कडू बोलाय आणलं हुतं." रावसाहेबांनी निःश्वास सोडला. "तुमालाबी बोल लावत न्हाय म्हणा. चांगली टणक ढेप असती, दमट खोलीत ठिवली की चिघळती. माझ्या गादीची हवाच तसली. उद्यापासनं छापखान्यात जावा. मालकाला म्या सांगतो."

मास्तर उठले. पुडकं काखेत मारलं. वाटेत मी त्यांच्याबरोबर चालत होतो. गिरणीचा भोंगा झाला, माणसांचा लोंढा रस्त्यावर आला आणि आम्ही कडेला उभे राहिलो. मला वाटलं, आता ते रावसाहेबांना एखादा जळजळीत शब्द लावतील. ते एवढंच म्हणाले, "मी खोटं बोललो नाही हो. मला तेव्हा तसंच वाटत होतं." मला ते खरं वाटलं, आणि म्हणूनच त्यांची पहिल्यांदा कीव आली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या जुन्या खुर्चीवर बसलो होतो. ते आत आले तसा मी उठायला लागलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं आणि समोर बसून मूळ प्रत उचलली. म्हणजे आता त्यांनी वाचायचं आणि मी तपासायचं. मालकांनी आधीच तसं ठरवलं होतं. मला फार अवघडल्यासारखं झालं. मी म्हणालो, "मास्तर, तुमच्यापुढं मी काय तपासणार?"

ते म्हणाले, "असं नका म्हणू. चार वर्षं तुम्हाला जवळून पाहिलंय. तुम्हाला तोंडावर केलेली स्तुती आवडत नाही, म्हणून आजवर बोललो नाही. असा माणूसच या खुर्चीवर बसायला हवा."

मी खाली मान घालून प्रूफ ओढलं. 'आग्रहाचे' तसंच राहू दिलं. त्या दिवशी माझ्या हातून पेन्सिल अगदी भरभर चालली. संध्याकाळी घरी जाताना मंडईतून कारण नसताना मोगऱ्याचा गजरा घेतला. जेवताना बायकोला सगळं सांगितलं, मास्तरांचं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं.

ती भाकरी वाढत होती. म्हणाली, "आणि हे तुमच्या तोंडावरच म्हणाले ना?"